फायरमन भरतीच्या मैदानी चाचणीत मुलं नेमकी कुठे गळतात?

दोनच ठिकाणी. मुंबई अग्निशमन दलाच्या 2022-23 च्या भरतीत पुरुषांना 800 मीटर 3 मिनिटांत पळायचं होतं, म्हणजे 400 च्या ट्रॅकवर प्रत्येक फेरी 90 सेकंदांची. बहुतेक जण पहिली फेरी 75 मध्ये मारतात आणि शेवटच्या 200 मीटरला पाय जड होतात. पहिली 88 च्या खाली नकोच!

दुसरी, 19 फुटांवरून जंपिंग शीटमध्ये, म्हणजे खाली ताणून धरलेल्या जाड कापडात, उडी. पाय आधी टेकवले की घोटा गेलाच. खुर्चीत बसल्यासारखं पडा, पाय पुढे, हनुवटी छातीला, हात छातीवर घट्ट. याचा सराव घराच्या गच्चीवरून कृपया करू नका. प्रशिक्षकासमोर, कमी उंचीवरून सुरुवात करा.