मॉडर्न स्पोर्ट्स कार देऊन इंजिन बदललेली जुनी फियाट घ्यावी का?

तुमचा प्रश्न असा: तुमच्याकडं २०१९ ची दोन दारांची स्पोर्ट्स कार आहे, समोरचा माणूस इंजिन बदललेली १९७८ ची फियाट आणि वर फरकाची रक्कम द्यायला तयार आहे, घरचे वेड्यात काढतायत, तर अदलाबदल करावी का. हाच व्यवहार मी २०२२ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापुरात केलाय, आणि घरात त्याचा विषय अजून निघतो. म्हणून सविस्तर लिहितोय.

करा. माझं उत्तर एवढंच आहे. का, ते सांगतो.

माझी गाडी २०१४ ची, परदेशी बनावटीची, दोन दारांचीच. २०१८ मध्ये सेकंडहँड घेतली, २४ लाखांना. चालवायला तिला नावं ठेवणार नाही. पहाटे हायवेला निघालो की कागल कधी आलं कळायचं नाही. पण राजारामपुरीतनं गोकुळ शिरगावला माझ्या फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, जाताना प्रत्येक स्पीडब्रेकर तिरका घ्यायचा, तरी पोट घासायचंच. एकदा खड्ड्यात टायर फुटला, तर तसा टायर अख्ख्या कोल्हापुरात नाही. हे सगळं मी चार वर्षं सोसलं.

मग एका सकाळी दारातच ती चालू होईना. स्टिअरिंग लॉक सुटत नव्हतं. आमच्या ओळखीचा इलेक्ट्रिशियन स्कॅनर घेऊन आला, पाच मिनिटांत त्यानं फॉल्ट काढून दाखवला. पार्ट कुठला गेलाय तेही कळलं. पण नवा पार्ट आणून बसवला तरी कंपनीच्या सर्व्हरवरून कोडिंग केल्याशिवाय गाडी त्याला ओळखणार नाही, असं निघालं. म्हणजे फ्लॅटबेडवर, गाडी उचलून नेणाऱ्या ट्रकवर, घालून पुण्याला, २३० किलोमीटर. १७ दिवस आणि १ लाख ८६ हजार रुपये. वर्कशॉपमध्ये आत जायची परवानगी नव्हती, काचेपलीकडून बघायचं. मी रोज पंप आणि व्हॉल्व्हची कास्टिंग ओततो, मशीन शॉपमध्ये शतांश मिलिमीटरची भाषा बोलतो, आणि माझ्या पैशाच्या गाडीचा बोल्ट मला बघायला मिळत नव्हता. ते मला फार लागलं. त्या दिवशी परत येताना पेठ नाक्यापाशी चहा घेतला आणि तिथंच ठरवलं, ही विकायची.

सांगलीच्या एका डॉक्टरांकडं १९७९ ची पद्मिनी, म्हणजे फियाटच, होती, इंजिन बदललेली. त्यांना माझी गाडी हवी होती. मी बॉनेट उघडलं आणि आधी इंजिन बघितलंच नाही, इंजिन ज्यांच्यावर बसतं ते माउंट बघितले. जाड प्लेट वाकवून, आतून गसेट, म्हणजे तिकोनी आधारपट्टी, देऊन वेल्ड केलेले. वेल्डची रेघ वेणी घातल्यासारखी एकसारखी, कुठं स्लॅग म्हणजे मळी अडकलेली नाही, कुठं अंडरकट म्हणजे कडेला खाच नाही. काम उद्यमनगरातल्या एका मेस्त्रींचं, आता ते हयात नाहीत. खाली झोपून टॉर्च मारला तर गिअरबॉक्सला धरणारा ब्रॅकेट कास्टिंगचा, आणि त्याच्यावर आमच्या फाउंड्रीचं जुनं अक्षर उठलेलं. वडिलांच्या काळातलं पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा साचा. मेस्त्री आमच्याकडून ओतून घेऊन गेले असणार. मी तसाच दोन मिनिटं खाली पडून राहिलो.

आत मारुती जिप्सीचं इंजिन आहे, १२९८ सीसी, १६ व्हॉल्व्ह, ८० बीएचपी. फियाटचं मूळ इंजिन १०८९ सीसीचं, ताकद याच्या निम्म्याच्या आसपास. जिप्सीचंच का, तर ते गाडीत लांबीला बसतं, आणि जिप्सीचा ट्रान्सफर केस, म्हणजे चारही चाकांना ताकद वाटणारा डबा, गिअरबॉक्सला जोडलेला नसतो, मागं वेगळा असतो. तो बाजूला ठेवला की इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स जसाच्या तसा मागच्या चाकावर चालणाऱ्या गाडीत जातो. फक्त प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे मागच्या चाकांकडं ताकद नेणारा दांडा, मापाचा करून बॅलन्स करावा लागतो. स्टिअरिंगजवळचा गिअरचा दांडा गेला, तो खाली आला. पुढं डिस्क ब्रेक बसवलेले.

व्यवहार असा झाला: माझ्या गाडीचे १५ लाख धरले, फियाटचे साडेपाच, उरलेल्या साडेनऊ लाखांचा चेक. त्या पैशातनं फाउंड्रीत जुनं शॉट ब्लास्टिंग मशीन आलं आणि ते आजही दोन शिफ्ट चालतंय. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण माझा थोरला भाऊ चार लोकांत सांगतो की यानं १५ लाखांची गाडी देऊन भंगार आणलं. चेकचं नाव काढत नाही.

दादाचं दुसरं म्हणणं याहून वाईट आहे. तो म्हणतो, जुनी घ्यायची तर ओरिजिनल घे, ही धड जुनी नाही, धड नवी नाही. "मेबॅकला कुणी जिप्सीचं इंजिन बसवलंय का?" म्हणजे छत्रपती राजाराम महाराजांची १९३० च्या दशकातली मेबॅक, दसऱ्याला दसरा चौकात येते ती. मलाही तिचा अभिमान आहे, लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून बघितलीय. पण मेबॅक वर्षातनं मोजक्या वेळा बाहेर पडते आणि तेव्हा सगळं कोल्हापूर तिला वाट करून देतं. माझी फियाट जुलैच्या पावसात केएमटीच्या बसमागं उभी राहते आणि सकाळी साडेआठला मला कामावर पोचवते. मूळ इंजिन ठेवून पत्र्याच्या शेडमध्ये झाकून ठेवलेल्या फियाटी मी खूप बघितल्यात. मालक रविवारी धूळ पुसतात. माझ्या मते मेस्त्रींनी गाडी बिघडवली नाही, जगवली. ज्या गावानं घरगुती भट्ट्या आणि लेथवर ऑइल इंजिनं उभी केली, त्या गावात तरी मॉडिफाय हा शब्द शिवीसारखा वापरू नये.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट सांगतो म्हणजे दादाचा आणि माझा वाद नेमका कशावर आहे ते कळेल. आईच्या माहेरी असळजला निघालो होतो. दादा शेजारी. आई म्हणाली, "मी मागं बसतो, पुढं पाणी उडतंय." वाटेत कळे गाव सोडलं आणि गाडी बंद. धो धो पाऊस. किल्ली फिरवली की मागनं पेट्रोल पंपाचा दोन सेकंद ऊंऽ असा आवाज येतो, तो येत नव्हता. समोर ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान होतं. तिथला पोरगा डोक्यावर खताचं पोतं घेऊन आला, फ्यूज बघितला, पंपाच्या रिलेवर, म्हणजे करंट चालू-बंद करणाऱ्या छोट्या डबीवर, बोट ठेवून मला किल्ली फिरवायला लावली. टिक वाजलं नाही. त्यानं हॉर्नचा रिले उपसला, पंपाच्या जागी खोचला. ऊंऽ झालं. आई मागनं म्हणाली, "चालू झाली वाटतं." वीस मिनिटांत हे सगळं. पोरानं पन्नास रुपये घेतले, तेही मी खिशात कोंबले म्हणून. असळजपर्यंत हॉर्नशिवाय गेलो.

दादा आजही हा प्रसंग सांगतो तो "याची गाडी भर पावसात बंद पडली" म्हणून. मी सांगतो तो "कळ्यात पन्नास रुपयांत चालू झाली" म्हणून. माझी आधीची स्पोर्ट्स कार तिथं बंद पडली असती तर आईला एसटीत बसवून मी फ्लॅटबेडची वाट बघत बसलो असतो, हे तो मान्य करत नाही. तुमच्या घरचेही हेच बोलत असणार. त्यांना विचारा, गेल्या वर्षी तुमच्या स्पोर्ट्स कारवर दुरुस्तीला किती गेले आणि ती किती दिवस दारात नव्हती.

आता काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. मी 'करा' म्हटलं ते एका अटीवर. आरसीवरचा इंजिन नंबर आणि गाडीतल्या इंजिनावरचा नंबर एकच पाहिजे. माझ्या गाडीच्या आरसीवर तो २००४ लाच आरटीओतनं चढवलेला होता, नसता तर मी हात घातला नसता. गाडीतल्या बदलांवर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानंही सांगितलंय की कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत. नंतर करून घेऊ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. आणि गाडी ५० वर्षांची झाली की व्हिंटेजमध्ये नोंदवू, असं कुणी सांगत असेल तर तेही खरं नाही. २०२१ चा नियम मूळ स्वरूपातल्या गाड्यांना आहे. इंजिन बदललेली त्यात बसत नाही. दर पाच वर्षांनी फेरनोंदणीला उभं राहायची तयारी ठेवा.

अदलाबदल असली तरी कागदावर त्या दोन वेगळ्या विक्री. दोन्ही गाड्यांचे नाव बदलायचे फॉर्म २९ आणि ३० वेगळे, तुमच्या गाडीवर कर्ज असेल तर आधी बँकेची एनओसी आणि कर्जाचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५. इन्शुरन्स १४ दिवसांत नावावर करून घ्या आणि इंजिन बदललंय हे कंपनीला लेखी कळवा, नाहीतर क्लेमच्या वेळी हात वर करतील.

ब्रेक बघा. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम होते. दुप्पट ताकदीचं इंजिन आणि ब्रेक तेच असतील तर घेऊ नका, किंवा त्याचे पैसे कापून घ्या. पेट्रोलच्या रबरी पाइपा सगळ्या बदलून टाका. आता पंपावर २० टक्के इथेनॉल आहे, आमच्याच भागातल्या उसाचंही त्यात आहे, पण जुनं रबर त्यानं फुगतं आणि मग गळतं. एअरबॅग नाही, एबीएस नाही. घरात लहान मुलं असतील आणि दुसरी गाडी नसेल तर माझं उत्तर बदलेल.

बघायला जाल तेव्हा इंजिन आधी गरम करून ठेवलेलं नको. थंड इंजिन कसं चालू होतं ते बघायचंय, म्हणून बॉनेटवर हात ठेवून बघा, मगच किल्ली मागा. आणि दोन्ही माउंटचे, गिअरबॉक्सच्या ब्रॅकेटचे फोटो जवळनं काढून मला पाठवा. वेल्ड बघून सांगतो.