शाळेतला एकटा पीटीचा शिक्षक कबड्डीपासून गोळाफेकीपर्यंत सगळं कसं शिकवतो? बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) करून या नोकरीत शिरावं का?

मी 1989 साली लागलो आणि 2021 साली निवृत्त झालो. अनुदानित शाळा, एकच मैदान, तेही काळ्या मातीचं. स्वतः खेळलो होतो फक्त खो-खो.

बाकीचं चुकत चुकत आलं. पहिल्याच क्रीडास्पर्धेत 200 मीटरच्या ट्रॅकवर सगळ्या लेनची सुरुवात मी एका रेषेत आखली. कॉलेजात शिकून आलो होतो, तरीही! फक्की टाकणाऱ्या शिपायानेच विचारलं, "सर, बाहेरचं पोरगं जास्त नाही का पळणार?" 1.22 मीटरच्या लेन आणि पूर्ण एका फेरीची शर्यत असेल तर दुसरी लेन 7.04 मीटर पुढे आणि त्यानंतरची प्रत्येक आणखी 7.67 मीटर पुढे सुरू होते. हे आकडे मी आता झोपेतही सांगेन.

सगळे खेळ येण्यापेक्षा पोराचे पाय ओळखता यायला हवेत. खो-खोत साखळी पळणारं पोर कबड्डीत चढाईला चांगलं निघतं, कारण दिशा बदलताना त्याचा तोल जात नाही. सूर मारून गडी बाद करणाऱ्या मुलीला घोट्याची पकड फारशी शिकवावी लागत नाही, तिला डाव्या कोपऱ्यात उभी करा. आणि ज्याला कुणीच संघात घेत नाही, त्याच्या हातात एकदा गोळा देऊन बघा.

एक चूक अजून सलते. कबड्डीतला आमचा एक कोपरारक्षक क्रिकेट खेळताना सीमारेषेवरून चेंडू थेट यष्टीपर्यंत फेकायचा. भाला त्याला आठवीतच द्यायला हवा होता. पण तो गेला तर कबड्डीचा संघ मोडला असता, म्हणून तीन वर्षं त्याला तिथेच ठेवला. मग दहावी झाली, शाळा सुटली. भेटला की हसतो, मला मात्र हसू येत नाही.

अनुदानित शाळेत पगार इतर शिक्षकांसारखाच, त्याची चिंता नको. त्रास दुसराच. तालुक्याच्या स्पर्धा ऐन पावसाळ्यात येतात, कधी खो-खो आणि कबड्डी एकाच दिवशी, आणि दोन्हीकडे लागणारी पोरं तीच. शिवाय रांगा, परेड, गैरहजर शिक्षकांचे तास हे सगळं तुमच्याच गळ्यात.

मुलाखतीला जाल तेव्हा ट्रॉफ्यांचं कपाट बघू नका. दहावीच्या वर्गातल्या एखाद्या पोराला बाजूला घेऊन विचारा, गेल्या आठवड्यात पीटीचा तास झाला की गणिताचा?