देवाच्या जवळ जायचंय पण पुन्हा फेल होईन अशी भीती वाटते, काय करू?

तुम्ही लिहिलंय की दर वेळी ठरवता, आठवडाभर बायबल वाचता, प्रार्थना करता, मग सगळं मोडतं आणि आता परत सुरू करायचीच भीती वाटते. माझंच लिहिलंय असं वाटलं.

मी वसईचा, पाचूबंदरचा कोळी ख्रिस्ती. घरात रोज संध्याकाळी रोझरी, आणि तरी मी सहा वर्षं कन्फेशनला, म्हणजे फादरांसमोर पापं कबूल करायला, गेलो नव्हतो. कारण दारू. लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ, आला की सोडायचो, त्याच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, कपाळाला राख लावून घ्यायचो आणि पहिल्याच शनिवारी कोणाच्या तरी बर्थडेला पुन्हा ग्लास हातात. चर्चमध्ये मिस्साला जायचो पण कम्युनियनच्या, म्हणजे पवित्र भाकर घ्यायच्या, वेळी मागे खांबाला टेकून उभा. वाटायचं आधी सहा महिने सुटू दे मग फादरांसमोर जाऊ. म्हणजे देवाकडे जायला पण मला चांगला रिझल्ट घेऊन जायचं होतं!

मला सुटका मिळाली ती बायबलमधल्या लूकच्या पाचव्या अध्यायात, ते पण एका साध्या शब्दात. येशूचा शिष्य झालेला कोळी पेत्र म्हणतो रात्रभर कष्ट केले पण काहीच मिळालं नाही, ते सगळ्यांना माहीत असतं, पण त्याच्या आधी दुसऱ्या ओवीत लिहिलंय की ते कोळी जाळी धूत होते. हे वाचून मी थांबलोच, कारण आमच्याकडे लहानपणी ते काम माझं होतं. म्हावरं मिळो न मिळो जाळं धुवावंच लागतं, चिखल, कचरा, जेलीफिशचा चिकटा सगळा निघाला पाहिजे, आणि बोट रिकामी आली असेल त्या दिवशी ते काम इतकं जिवावर यायचं, बाबा गप्प, मी गप्प, आणि शेजारच्या बोटीवर बोंबलाच्या टोपल्या उतरतायत. येशू पेत्राच्या होडीत चढला तो नेमका अशा वेळी. टोपल्या भरल्या होत्या तेव्हा नाही.

आणि पेत्र तर नंतर याच्यापेक्षा मोठा फेल झाला. येशूला पकडलं त्या रात्री कोळशांच्या विस्तवाजवळ शेकत उभा राहून तीनदा म्हणाला मी येशूला ओळखत नाही. योहानाच्या २१व्या अध्यायात परत रात्रभर काही मिळत नाही, मग १५३ मासे, आणि किनाऱ्यावर येशूने काय पेटवलंय तर पुन्हा कोळशांचा विस्तव. आधी नाश्ता दिला, मग तीनदा विचारलं माझ्यावर प्रेम करतोस का. पुन्हा चुकणार नाहीस ना, असं एकदाही विचारलं नाही.

आपल्या वसईचा संत गोन्सालो गार्सियाच बघा ना. जेजुइट संघाच्या धर्मगुरूंबरोबर जपानला गेला, धर्मशिक्षण द्यायचा, पण त्यांनी त्याला संघात काही घेतलं नाही. मग व्यापार केला, शेवटी मनिलाला फ्रान्सिस्कन या दुसऱ्या संघात ब्रदर झाला. १५९७ साली नागासाकीला क्रुसावर मेला, १८६२ साली संत ठरला. आमच्याकडे त्याचा सण धुमधडाक्यात होतो, पण त्याला नकार मिळाला होता हे कोणी सांगत नाही, का कोण जाणे.

तर मी ख्रिसमसच्या आधी कन्फेशनच्या रांगेत उभा राहिलो, हात थरथरत होते. फादरांनी विचारलं किती दिवसांनी, म्हटलं सहा वर्षं. ते म्हणाले, दमला असशील. एवढंच. मी रडलो तिथे.

दारू लगेच सुटली का? नाही, नंतर दोनदा घसरलो, पण या वेळी पुढच्याच शनिवारी परत गेलो, सहा वर्षं नाही लावली. आणि नुसत्या प्रार्थनेवर सोडलं नाही, ए.ए.च्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या, मीटिंगलाही जातो, त्यात विश्वास कमी पडतो असं मला वाटत नाही.

तुम्ही एवढंच करा, वर्षात अख्खं बायबल संपवायचा प्लॅन वगैरे आत्ता नको. लूक ५ आणि योहान २१ घ्या, रोज दहा ओव्या. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी वीस वाचून भरपाई करू नका, दहाच वाचा, जिथे थांबला होतात तिथून.