आधी तुझ्या विहिरी, मग इतरांचे पेपर

प्रश्न: मी शिरोळ तालुक्यातली. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले, आता एमएस्सी पर्यावरणशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या भागातल्या २४ विहिरींचं पाणी तपासलं. ९ विहिरींत नायट्रेट मर्यादेपेक्षा जास्त निघालं आणि त्यातल्या ७ उसाच्या पट्ट्यात आहेत. पण सिमिलॅरिटी, म्हणजे इतरांच्या लेखनाशी साम्य, ३४ टक्के आली म्हणून डिझर्टेशन (प्रबंध) परत आलं. सेमिनारमध्ये मी स्लाइड नुसत्या वाचून दाखवल्या, प्रश्न आला तेव्हा तोंडातून शब्द फुटला नाही. पीएचडी करायची इच्छा आहे. माझ्या इंग्रजीवर ते जमेल का?

उत्तर: जमेल. असं ठामपणे म्हणतोय, कारण तुझ्या डिझर्टेशनमधलं सगळ्यात चांगलं वाक्य तू मला पत्रात लिहिलंस: ‘९ विहिरींत नायट्रेट मर्यादेपेक्षा जास्त निघालं आणि त्यातल्या ७ उसाच्या पट्ट्यात आहेत.’ तू सोबत पाठवलेल्या पानांवर ते वाक्य नाही. तिथे सुरुवात होते ती ‘वॉटर इज द मोस्ट एसेन्शियल रिसोर्स’ने, पुढे पाच पानं पाण्याचं महत्त्व आणि सहाव्या पानावर पहिली विहीर. ते ३४ टक्के बहुतेक या पाच पानांतच असणार. सांगण्यासारखं स्वतःचं काही हाताशी नसलं की माणूस दुसऱ्याची वाक्यं उचलतो. तुझ्या हाताशी तर २४ बाटल्यांचे नमुने होते!

आधी घाबरणं थांबव. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्क्यांमध्ये सुधारित प्रत द्यावी लागते, त्यासाठी जास्तीत जास्त सहा महिन्यांची मुदत मिळते. संदर्भसूची, अनुक्रमणिका, आभार हे मोजणीत धरायचं नसतं. तेव्हा साम्याचा रिपोर्ट काढताना ते वगळलं होतं का, हे गाईडना विचार.

एक गोष्ट मात्र करू नकोस. ती पाच पानं पॅराफ्रेजिंगच्या ॲपमध्ये घालून शब्द बदलून घेऊ नकोस. अशा अदलाबदलीतून छापील शोधनिबंधांत ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’चं ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’ (बनावट जाणीव) झालेलं सापडलं आहे. टक्के उतरतात, पण चोरी चोरीच राहते, वर अर्थाचा चुथडा होतो.

त्यापेक्षा असं कर. एक पेपर, म्हणजे शोधनिबंध, वाच, मिटून ठेव. मग वहीत मराठीत दोनच ओळी लिही: या माणसाने काय शोधलं आणि माझ्या विहिरींशी त्याचा काय संबंध? त्या ओळी मग इंग्रजीत आण, साध्या, छोट्या वाक्यांत, आणि संदर्भ तिथल्या तिथे नोंदव. झोटेरो हे सॉफ्टवेअर फुकट आहे, संदर्भ त्यातच साठव. तुझ्या विषयावरचे इतर प्रबंध ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात मिळतील. ते रचना बघायला वाच, वाक्यं घ्यायला नाही.

आता तुझंच वाक्य जरा जवळून पाहू. ‘मर्यादेपेक्षा जास्त’ म्हणजे कोणाच्या मर्यादेपेक्षा? आयएस १०५०० या भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यासाठी नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे आणि त्यात सवलत नाही. हा आकडा त्याच वाक्यात हवा. ७ विहिरी ‘उसाच्या पट्ट्यात आहेत’ असं लिहिलंस, ते बरोबर. ‘उसाच्या खतामुळे’ असं लिहिलं असतंस तर परीक्षकांनी तुला तिथेच धरलं असतं. नायट्रेट शौचालयाच्या शोषखड्ड्यातून येतं, गोठ्यातल्या शेणमुतातूनही येतं. उरलेल्या २ विहिरींच्या शेजारी काय आहे? ‘आढळलं’ आणि ‘मुळे झालं’ यांतलं अंतर ज्याला कळतं, त्याला शैक्षणिक लेखन निम्मं आलं. इंग्रजीचा नंबर त्यानंतर लागतो.

सेमिनारचंही मूळ दुखणं हेच. स्लाइडवर उतारे होते म्हणून तू वाचलंस. दहा मिनिटांना सहा-सात स्लाइड पुरे. त्यातली एक तालुक्याच्या नकाशाची असू दे: २४ ठिपके, ९ लाल. त्या नकाशासमोर तुला कागद लागणार नाही, कारण त्या प्रत्येक विहिरीवर तू स्वतः गेली आहेस. पहिली दोन वाक्यं तेवढी पाठ कर. आधी घरी आईला मराठीत सगळं समजावून सांग, ती जिथे अडवेल तिथेच परीक्षकही अडवतील. एखादी गोष्ट तपासली नसेल तर ‘हे मी तपासलेलं नाही, त्यासाठी अमुक चाचणी लागेल’ असं सरळ सांग. हे उत्तर पूर्ण मार्कांचं असतं.

बोलण्याची भीड मोडायला ‘आविष्कार’ ही विद्यापीठांची संशोधन स्पर्धा चांगली. राज्यात ती २००६ पासून होते. पोस्टरशेजारी उभं राहून आलेल्या प्रत्येकाला तीच गोष्ट पुन्हा सांगावी लागते, आणि चार-पाच वेळा सांगून झाली की आवाज आपोआप सुटतो. यंदाची नोंदणी कधी आहे, ते विभागात विचार.

पहिलं पान नव्याने लिहून झालं की मला पाठव. तुझ्या विहिरी कितव्या ओळीत येतात, ते आधी बघेन.