प्रौढांच्या वर्गात इंग्रजी बोलणं-लिहिणं शिकवायचंय, व्याकरणापासून सुरुवात करू का?

नको. तुमच्या वर्गात दिवसभर काम करून येणारी चाळिशीतली माणसं आहेत, असं तुम्ही लिहिलंय. काळांचे तक्ते त्यांनी शाळेत पाठ केलेले असतात, अडतं ते तोंड उघडताना. मी नाशिकला संध्याकाळी असाच वर्ग घेते. माझं ठाम मत आहे की आधी बोलू द्यावं आणि जे बोलले तेच लगेच लिहून घ्यावं. बोलण्याचा तास वेगळा, लिहिण्याचा वेगळा, अशी वाटणी करू नका.

न्यूझीलंडचे भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांनी ४-३-२ या पद्धतीबद्दल लिहिलंय, ती जरूर वापरा. जोड्या लावायच्या. एकाने चार मिनिटं बोलायचं, मग ऐकणारा बदलून तेच तीन मिनिटांत, पुन्हा बदलून दोन मिनिटांत. विषय त्यांचाच, म्हणजे आज कामावर काय घोळ झाला वगैरे. काय सांगायचं हे ठरलेलं असल्यामुळे तिसऱ्या फेरीत अडखळणं कमी होतं. नवख्यांना चार मिनिटं झेपत नाहीत, त्यांना मी दोन, दीड आणि एक मिनिट देते. त्याआधी मिनिटभर मराठीतून बोलू देते. तिन्ही फेऱ्या झाल्या की लगेच वही उघडून त्याच विषयावर पाच-सहा ओळी. ज्यांना लिहिणं फारच जड जातं ते सांगतात, मी त्यांच्याच शब्दांत फळ्यावर लिहिते, ते वाचतात आणि उतरवून घेतात.

बोलताना मध्येच चूक काढू नका. मोठ्या माणसाला चारचौघांत टोकलं की तो गप्पच होतो. चुका वहीत दाखवा, तेही एका वेळी एकाच प्रकारच्या. मी ‘आय डिडन्ट वेंट’ आधी घेते, कारण ती रोज कानावर येते आणि सुधारतेही लवकर. ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ यांना मराठीत जोड नाही, ते बसायला वेळ लागतो. ते चुकले तरी बहुतेक वेळा अर्थ कळतो, तेव्हा घाई नको.

लिहायला खरी कामं द्या: मुलाच्या शाळेला मेसेज, कुरिअर आलं नाही म्हणून तक्रार, रजेचा अर्ज. ‘आय बेग टू स्टेट’ छापाचा घोकलेला अर्ज मी लिहू देत नाही. ‘आय नीड लीव्ह ऑन फ्रायडे. माय मदर इज इल.’ एवढं पुरे. हीच दोन वाक्यं साहेबांना फोनवरही सांगता येतात.