चार तोळ्यांचा रंग

“मॅडम, हिचा आत्मविश्वास जेवढा वाढवता येईल तेवढा वाढवून द्या.” खुर्चीत बसायच्या आधीच सुनंदाताई बोलल्या. मुलगी त्यांच्या मागे उभी होती. सांगलीतला एप्रिल, दुपारचे तीन, आणि हिच्या चेहऱ्याला डोळ्यांपर्यंत स्कार्फ, हातात कोपरापर्यंतचे मोजे. पंख्याखाली बसल्यावरसुद्धा तिनं स्कार्फ सोडला नाही. (दोघींची नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

ही काळजी घेऊन आया माझ्याकडे समुपदेशनासाठी नेहमी येतात. कुणी म्हणते, सावळ्या रंगामुळे पोरीला न्यूनगंड आलाय. कुणी म्हणते, फोटोत उभी राहत नाही, कुणाच्या लग्नाकार्याला येत नाही. मागणी सगळ्यांची सारखी असते: मुलीत काहीतरी बिघडलंय, ते दुरुस्त करून द्या. म्हणून अश्विनीची गोष्ट जरा सविस्तर सांगते.

अश्विनी एकोणीस वर्षांची, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. वडील हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी. घरी आजी, आणि चार वर्षांनी धाकटी बहीण सायली, ‘आजीच्या वळणावर गेलेली’, म्हणजे गोरी. पहिल्या भेटीत आई बाहेर गेल्यावर अश्विनीनं स्कार्फ काढला आणि मी क्षणभर गप्प झाले. गाल लालबुंद, कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ, त्यावर बारीक शिरा, हनुवटीवर पुरळ आणि लव. शेजारच्या वहिनींनी लग्नाआधी वापरलेलं एक मलम ती आठ महिने लावत होती. पर्समधून तिनं ती चेपलेली ट्यूब काढून दाखवली. बारीक अक्षरांत लिहिलं होतं: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. यातलं शेवटचं स्टेरॉइड. त्वचारोगतज्ज्ञ हे मिश्रण वांगासाठी, म्हणजे चेहऱ्यावरच्या काळपट डागांसाठी, थोडे दिवस, स्वतःच्या देखरेखीखाली देतात. मुली ते ‘गोरं व्हायचं क्रीम’ म्हणून महिनोन्‌महिने थापतात. सुरुवातीला चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, आणि लावायचं थांबवलं की आग आग होते म्हणून पुन्हा लावावं लागतं. अशा बऱ्याच स्टेरॉइड मलमांना 2018 मध्ये केंद्र सरकारनं डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची केली. अश्विनीला मात्र ते कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये नुसतं नाव सांगून मिळत होतं.

मी तिला त्याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवलं. तुमच्या घरात कुणी असं मलम वापरत असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा: घाबरून एका दिवसात ते फेकून देऊ नका, डॉक्टर सांगतील तसंच सोडवा. बेनामी डबीतल्या क्रीमला तर हातही लावू नका. काहींत पारा असतो आणि तो मूत्रपिंडापर्यंत जातो.

“मेलॅनिन म्हणजे काय, ते माहीत आहे ना तुला?” मी विचारलं. माझ्या डोक्यात आलं होतं, विज्ञानाची मुलगी आहे, समजावून सांगू. ती म्हणाली, “मॅडम, मेलॅनिन बनवणाऱ्या मेलॅनोसाइट पेशींची संख्या सगळ्या माणसांत जवळजवळ सारखीच असते. त्या कातडीचं हे रंगद्रव्य किती आणि कोणत्या प्रकारचं बनवतात, त्यात फरक. पेपरात मी लिहिलंय हे. मार्कही मिळाले. आणि त्या रात्री झोपताना मलम लावलंच मी.”

तिला माहितीची गरज नव्हती. मग गरज कशाची होती, ते तिसऱ्या भेटीत समजलं. तिनं घडी केलेला एक कागद माझ्यासमोर ठेवला. तिचाच बायोडाटा. शिक्षण अजून पूर्ण नाही, तरी आईनं तयारीला लागावं म्हणून टाइप करून आणलेला. ‘वर्ण’ या शब्दापुढे ‘सावळा’ असं छापलेलं. त्यावर निळ्या पेनाची रेघ, आणि वर आईच्या अक्षरात लिहिलेलं, ‘निमगोरा’.

“मला कपाटात सापडला. लोक बोलतात त्याचं काही वाटत नाही, सवय झाली. पण आईलाही मी चालत नाही, हे तेव्हा कळलं.”

त्याच आठवड्यापासून मलम सुरू झालं होतं.

आईला एकटीला बोलावून मी तो कागद दाखवला. त्या रागावल्या नाहीत. बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या. त्या स्वतः अश्विनीपेक्षाही सावळ्या. म्हणाल्या, “माझं ठरताना सासऱ्यांनी वडलांना सांगितलं, मुलगी नाकीडोळी नीटस आहे, पण रंगाचं बघा काहीतरी. वडलांनी चार तोळे जास्त घातले. शेत विकून. लग्नानंतरही दोन वर्षं सासूबाई पाहुण्यांना सांगायच्या, सूनबाईचा रंग आम्ही पदरात घेतला म्हणून.” हुंड्याविरुद्धचा कायदा 1961 चा. यांचं लग्न त्यानंतर कितीतरी वर्षांनी झालेलं. सोनं ‘मुलीसाठी’ म्हणून दिलं की कुणी हुंडा म्हणत नाही.

“मग अश्विनीसाठी?” मी विचारलं.

“चार तोळे बाजूला काढलेत. अजून थोडे लागतील. म्हणून तर एमएस्सीचं नको म्हणतायत तिचे वडील. पुण्याचं होस्टेल, फी, दोन्ही कसं जमायचं?”

या वाक्याशी मी थांबले. तुम्हीही थांबा. रंगाचा विषय निघाला की आपण चिडवण्याबद्दल बोलतो, मन दुखावण्याबद्दल बोलतो. या घरात रंगाचा हिशोब थेट पैशात मांडलेला होता. मुलीच्या शिक्षणाचा पैसा तिच्या कातडीची भरपाई म्हणून कपाटात पडून होता. त्याच्याही आधी खो-खो गेला होता. शाळेच्या संघात असलेल्या अश्विनीला दहावीनंतर आजीनं मैदानावरून काढलं, कारण “उन्हात करपशील, मग कोण करील?” आल्यागेल्यांना पाणी द्यायला सायली, देवळात सोबत सायली, चुलत बहिणीच्या साखरपुड्याच्या फोटोत पुढे सायली, आणि सगळ्यांच्या पर्सा सांभाळायला अश्विनी.

बाहेरही हेच चालतं. काउंटरवर कुणाला उभं करायचं आणि आत पॅकिंगला कुणाला बसवायचं, हे मी मुलींच्या तोंडून कितीदा ऐकलंय. ‘आकर्षक व्यक्तिमत्त्व’ या शब्दामागे काय असतं, ते अर्ज करणाऱ्या मुलीला बरोबर कळतं. मुलाचा रंग पगारानं झाकला जातो, मुलीचा पदवीनंही झाकत नाही. आणि यात जात आडवी येतेच. दलित वस्तीतल्या एका गोऱ्या मुलीला तिच्या मैत्रिणीच्या आईनं कौतुकानं म्हटलं होतं, “तू त्यांच्यातली वाटत नाहीस हो.” ती मुलगी माझ्यासमोर रडली ती त्या कौतुकापायी.

म्हणून मी सुनंदाताईंना सांगितलं, अश्विनीचा आत्मविश्वास आत्ता राहू दे. तुम्ही एक वही घ्या. पंधरा दिवस घरात रंगावरून जे वाक्य निघेल ते लिहून ठेवा, कुणी म्हटलं तेही. कुणाला टोकायचं नाही, नुसतं लिहायचं.

त्यांनी सहा पानं भरून आणली. ‘हिला फिक्का रंग दाखवा’ हे साडीच्या दुकानातलं. ‘अमक्याचं बाळ बापाचा रंग घेऊन आलं, बरं झालं’ हे आजीचं. ‘डाळीच्या पिठात साय घाल’ हे त्यांचं स्वतःचं, तीनदा. पण निम्मी वाक्यं अश्विनीबद्दल नव्हतीच, ती सायलीच्या कौतुकाची होती. आणि त्यातलं एक वडिलांचं: “सायलीचं काय, गोरी आहे, दहावी होऊ दे कशीबशी, चटकन जमेल.” ते वाचताना ताईंचा आवाज बदलला. “म्हणजे हिचंही शिक्षण रंगानंच खाल्लं की हो.” हे मी सांगितलं असतं तर त्यांना पटलं नसतं. स्वतःच्या अक्षरात वाचलं म्हणून पटलं.

मग त्यांनी मला तो प्रश्न विचारला, जो बहुतेक आया विचारतात. “मॅडम, पोरीला काय सांगू? रंगानं काही फरक पडत नाही म्हणून सांगू?”

नाही. कृपा करून हे सांगू नका. फरक पडतो हे तिला तुमच्या आधीपासून माहीत आहे. तुम्ही ते नाकारलंत, तर तिला वाटतं आईला दिसत नाही, किंवा आई खोटं बोलते. 2020 मध्ये ‘फेअर अँड लव्हली’चं नाव ‘ग्लो अँड लव्हली’ झालं, त्याच वर्षी ‘शादी डॉट कॉम’नं वर्णानुसार स्थळं गाळायची सोय काढून टाकली. दोन्ही चांगलंच झालं. पण आपल्याकडच्या वधू-वर सूचक मंडळांच्या फॉर्मवर ‘वर्ण’ हा रकाना अजून आहे, आणि तो आपणच भरतो. मुलीला सांगायचं ते असं: “लोक रंगावरून बोलतात, तोलतात. ते चूक करतात. मीही केली. यापुढे कुणी बोललं तर मी तुझ्या बाजूनं बोलेन.” आणि मग खरोखर बोलायचं.

हे बोलणं आम्ही खोलीत अक्षरशः घोकलं. मी अश्विनीची आत्या व्हायची, टोमणा मारायची. पहिल्या दोन वेळा ताई हसून विषय बदलायच्या, जसं आयुष्यभर केलं तसं. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, “आमच्या घरात आता रंगावरून बोलत नाही कुणी,” आणि लगेच त्यांना घाम फुटला.

मे महिन्यात भाच्याची हळद होती. सांगलीची हळद, पातेलंभर कालवलेली. वऱ्हाडातल्या मुलींना हळद लावताना आत्यानं अश्विनीकडे बघून म्हटलं, “हिला दोनदा लावा गं, हिच्यावर चढत नाही.” बायका हसल्या. सुनंदाताई तिथेच उभ्या होत्या. पुढचं अश्विनीनं मला सांगितलं: “आईच्या हातातली वाटी थरथरत होती. तिनं ते घोकलेलं वाक्य म्हटलं, पण अर्धंच. पुढचं विसरली. मग म्हणाली, वन्सं, माझ्यावरही चढली नव्हती, पण त्याचे चार तोळे घेतलेत तुम्ही.”

आजी त्यानंतर आठवडाभर सुनेशी बोलल्या नाहीत. मीही त्यांना एकदा भेटले. “आम्ही काय पोरीचं वाईट चिंततो का?” असं त्यांनी विचारलं आणि रडल्या. त्या खरंच वाईट चिंतत नव्हत्या. त्यांच्या बहिणीला रंगापायी बिजवराला दिलं होतं, ती भीती त्या सगळ्यांवर पांघरत होत्या. त्या अजून सायलीला उन्हातून आत बोलावतात. अश्विनीला बोलावत नाहीत, ते समजून घेऊन की नाद सोडून, मला सांगता येत नाही.

चेहरा पूर्ववत व्हायला सात महिने गेले. मधे दोनदा आग झाली, दोनदा तिनं मला रात्री मेसेज केला, “मॅडम, ट्यूब समोर आहे.” दोन्ही वेळा ती त्वचारोगतज्ज्ञांकडे गेली, मेडिकलमध्ये नाही. शेवटच्या भेटीला ती स्कार्फ न बांधता आली, कारण बसमध्ये फार उकडत होतं, असं म्हणाली. आईनं तिच्या गालावर हात फिरवला आणि म्हणाल्या, “पहिल्यासारखा झाला रंग.” अश्विनी आईच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होती, पुढचं वाक्य येतंय का म्हणून. आलं नाही. ताईंनी हात तसाच ठेवला.

पुण्याला एमएस्सीला प्रवेश मिळाला तेव्हा फीसाठी ताईंनी दोन तोळे मोडले. सराफाची पावती त्यांनी मला फोनवर पाठवली, खाली काही न लिहिता. उरलेले दोन तोळे अजून कपाटात आहेत. त्यांच्याबद्दल आमचं बोलणं व्हायचंय.