बुटात पाणी शिरणारच, ते बाहेर कसं पडेल ते बघा

प्रश्न : नमस्कार काका. मी गोव्यात फोंड्याला राहते, वय 42, शाळेत शिकवते. आठवड्यातून तीन दिवस सकाळी घरामागच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, पाच-सहा किलोमीटर धावते. महिन्यातले दोन रविवार आमच्या ग्रुपबरोबर सत्तरीत, नाहीतर नेत्रावळीला डोंगर चढायला जाते. रस्त्यावर धावायचे माझे बूट चांगले महागाचे आहेत, पण गेल्या जूनमध्ये व्हाळ (ओढा) ओलांडताना त्यांनी मला सरळ पाण्यात बसवलं. घोट्याच्या वर येणारे जाड ट्रेकिंग बूट वापरून पाहिले, ते घालून धावता येत नाही. मैत्रीण म्हणते ट्रेल रनिंगचे, म्हणजे कच्च्या वाटेवर धावायचे घे, नवरा म्हणतो काय घेशील ते वॉटरप्रूफ घे. सहा हजारांपर्यंत खर्च करीन. दोन्हीला एक जोड चालेल का, आणि टिकेल किती?
— एक शिक्षिका, फोंडा

उत्तर : ताई, मैत्रिणीचं ऐका. नवऱ्याचं एरवी ऐकत असाल तर ऐका, यात नको.

वॉटरप्रूफ बुटाच्या आत एक पातळ पडदा असतो. तो बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही आणि घामाची वाफ थोडीफार बाहेर सोडतो. बर्फात, थंडीत, दव पडलेल्या गवतात तो कामाचा. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि पाणी बुटाच्या कापडातून नव्हे, वरच्या तोंडातून शिरतं. व्हाळात पोटरीपर्यंत पाय गेला की बूट भरला. मग तोच पडदा आतलं पाणी बाहेर सोडत नाही. पायात कळशी घालून घाट चढल्यासारखं होतं. साध्या जाळीचा बूटही भरतो, पण पलीकडे गेल्यावर शंभरेक पावलं पचक पचक करत चाललात की बरंचसं पाणी निघून जातं. दुकानात बूट हातात घ्या आणि बोटांकडचा भाग उजेडाकडे धरा. जाळीतून उजेड दिसला तर पाण्यालाही वाट आहे.

आता तळ. तुमचे जुने बूट घसरले यात त्यांचा दोष नाही. डांबरी रस्त्यासाठी केलेला तळ सपाट असतो, काही ठिकाणी तर नुसता फोमच उघडा असतो. ट्रेलच्या बुटाला खाली रबराचे दाते असतात, साधारण 3 ते 6 मिलिमीटर उंचीचे. तुम्हाला 4 चे बास. सहाचे दाते चिखलात छान रुततात, पण घरापासून सड्यापर्यंतच्या डांबरावर झिजून जातात आणि कातळावर पाय डगमगतो.

दात्यांपेक्षा रबर महत्त्वाचं. आपला जांभा, म्हणजे चिऱ्याचा दगड, कोरडा असताना कानशीसारखा असतो. मऊ, चिकट रबर ओल्या कातळाला धरून राहतं, पण सड्यावर लवकर झिजतं. कडक रबर वर्षभर पुरतं आणि पहिल्याच पावसात दगा देतं. दोन्ही गुण एकाच तळात हवे असतील तर पैसे मोजावे लागतात. विब्रमचा पिवळा अष्टकोनी शिक्का असलेल्या तळांची किंमत त्यासाठीच असते. (विताले ब्रामानी या इटालियन गिर्यारोहकाचे सहा सोबती 1935 मध्ये आल्प्समध्ये मरण पावले. त्यानंतर त्याने 1937 मध्ये रबरी दात्यांचा तळ काढला, आणि विब्रम हे त्याच्याच नावाचं लघुरूप.) सहा हजारांत बहुधा तो शिक्का मिळणार नाही. हरकत नाही. अंगठ्याचं नख दात्यावर दाबून बघा, थोडं रुतलं पाहिजे. प्लास्टिकसारखं टक्क वाजलं तर बूट परत ठेवा.

एक मात्र आधीच सांगून ठेवतो. जांभ्यावर काळपट हिरवं शेवाळ चढलं की त्याच्यावर कोणतंच रबर टिकत नाही, दुकानदार काहीही सांगो. तिथे काठी टेका आणि पाय दुसरीकडे टाका.

तुमच्या ग्रुपमधलं कोणीतरी ॲक्शन ट्रेकिंगचं नाव घेईलच. सह्याद्रीत फिरणाऱ्यांचा तो जुना लाडका बूट आहे, स्वस्त आहे आणि पकडही चांगली. फक्त डोंगरालाच हवा असता तर मीही तोच घ्या म्हटलं असतं. पण सकाळच्या सहा किलोमीटर धावण्याला तो कडक पडेल.

मापाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ तक्रारी मापाच्याच असतात. दुकानात संध्याकाळी जा. दिवसभर वर्गात उभं राहून पाय थोडे सुजलेले असतात, आणि डोंगरातही ते तसेच सुजणार आहेत. डोंगरात घालता तेच मोजे घेऊन जा. बुटातला इनसोल, म्हणजे आतली सुटी गादी, बाहेर काढून जमिनीवर ठेवा आणि त्याच्यावर उभ्या राहा. करंगळी कडेबाहेर लोंबत असेल तर तो बूट तुमचा नव्हे, सेलमध्ये अर्ध्या किमतीला असला तरी. आपले पाय जन्मभर चपलेत मोकळे वाढलेले. पुढून पसरट, टाचेकडे निमुळते. बरेच बूट पुढून निमुळते शिवलेले असतात, म्हणून वाइड आहे का ते विचारा. सर्वात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. काहींचं अंगठ्याशेजारचं बोट लांब असतं, तेव्हा ते मोजा.

मग दुकानाच्या जिन्यावरून दोन्ही बूट घालून भराभर उतरा. चार जण बघतात, बघू देत. उतरताना बोटं पुढे आपटली तर डोंगर उतरून घरी येईपर्यंत नखं काळी होतील. टाच वर-खाली होत असेल तर लगेच नाही म्हणू नका. नाडीच्या सर्वात वरच्या जादा भोकातून प्रत्येक बाजूला एक छोटा फास करा, समोरच्या बाजूची नाडी त्यातून ओढा आणि बांधा. टाच जागेवर बसते. हे भोक कशासाठी असतं ते पुष्कळांना ठाऊक नसतं. मलाही पंचेचाळिशीपर्यंत नव्हतं.

टाच आणि पंजा यांच्या उंचीतल्या फरकाला ड्रॉप म्हणतात. तुमच्या रस्त्याच्या बुटांचा तो बहुधा 8 ते 10 मिलिमीटर असेल. एकदम शून्य ड्रॉपवर उडी मारू नका, पोटऱ्या आणि टाचेमागची शीर बोंब मारतील. 6 ते 8 ठीक.

टिकण्याचं म्हणाल तर तुम्ही शिक्षिका आहात, हिशेब तुम्हीच तपासा. आठवड्याला सोळा-सतरा किलोमीटर धावणं, महिन्याला दोन डोंगर. म्हणजे महिन्याला नव्वदच्या आसपास. ट्रेलचा बूट साधारण 500 ते 800 किलोमीटर जातो. म्हणजे सहा ते नऊ महिने. दात उरलेले दिसतात, पण मधला फोम बसलेला असतो आणि गुडघा आधी बोलतो. बुटाच्या जिभेच्या (नाडीखालच्या पट्टीच्या) आत पेनाने विकत घेतल्याची तारीख लिहून ठेवा.

आणि बूट जपून ठेवले म्हणजे टिकतात हा समज सोडा. मी एकदा एक भारी चामडी ट्रेकिंग बूट घेतले, चार वेळा घातले आणि खोक्यात घालून माळ्यावर ठेवले. तीन वर्षांनी तांबडी सुर्लाच्या जंगलात ते घालून गेलो. तिथल्या देवळापासून तासाभरावर उजवा तळ पुढून उघडला, पंधरा मिनिटांत डावा. खाली बघतो तर मधला थर ओल्या भाकरीसारखा चुरत होता. पाठपिशवीची पट्टी कापली, दोन्ही बूट बांधले आणि फटफट वाजवत परत आलो. देवळाच्या पायऱ्यांवर बसलेली पोरं अजून हसत असतील. अशा बुटांचा मधला थर पॉलीयुरेथेनचा असतो आणि दमट हवेत तो न वापरताही आतून कुजतो. ट्रेलच्या बुटात बहुतेक ईव्हीएचा फोम असतो, तो असा चुरत नाही. पण त्याचाही डिंक ओलीने सुटतो, म्हणून वाळवणं महत्त्वाचं. इनसोल बाहेर काढा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन तासांनी बदला, पंख्याखाली ठेवा. जाड रविवारची पुरवणी उत्तम. उन्हात, गॅसजवळ किंवा वॉशिंग मशीनमध्ये नको. तळ किंचित सुटायला लागला की बाजारातल्या मोच्याकडून लगेच कडेने शिवून घ्या, थोडक्या पैशांत काम होतं. पूर्ण सुटल्यावर नेलात तर तो मान हलवतो.

एका जोडीत तुमचं भागेल. पण हा जोड अर्धा झिजला की दुसरा घ्या आणि आलटून पालटून वापरा. पावसात एक सुकत असतो तेव्हा दुसरा पायात.

प्रश्न : मिरामारच्या वाळूत धावायलाही ट्रेल रनिंगचे बूट चालतील का?
— कॉलेजचा विद्यार्थी, पणजी

उत्तर : चालतील, पण गरज नाही. कोरड्या वाळूत दात्यांना धरायला काही नसतं, आणि जाळीतून बारीक वाळू आत जाऊन मोज्याला भोकं पाडते. लाटेजवळच्या ओल्या, घट्ट वाळूवर धावा, जुने रस्त्याचे बूट घाला. किनारा समुद्राकडे उतरता असतो, त्यामुळे जाताना जेवढं अंतर तेवढंच परतताना धावा, नाहीतर एकाच कुल्ल्यावर भार येतो. घरी आलास की बूट गोड्या पाण्याने धू. खारं पाणी तसंच वाळलं तर नाडीच्या धातूच्या कड्या गंजतात.